मावशीच्या दगडातून वाळू निघाली: फसवणूक की अस्सल माल?

रेघोट्या
मंडळी, दगडांतलं कळणारं कुणी आहे का इथे?

माझ्या मुलुंडच्या मावशीने दादरला भरलेल्या एका प्रदर्शनातून दोन गोल दगड आणले. स्टॉलवाला म्हणाला, यांना 'मोकी मार्बल' म्हणतात, अमेरिकेतून येतात, उल्केबरोबर पडलेत. चपटसर तो नर, गोल ती मादी. जोडीनेच ठेवायचे, उशाशी ठेवले की शांत झोप लागते. जोडीचे अठराशे रुपये मोजले. झोपेचा अनुभव विचारू नका, काकांचं घोरणं त्या दगडांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

परवा केर काढताना त्यातला 'नर' खिडकीच्या कट्ट्यावरून फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतून निघाली चक्क वाळू! बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं काळपट तपकिरी कवच, चाकूने ओरखडा उठेना इतकं कडक. आत फिकट, किंचित गुलाबीसर बारीक वाळू, नखाने खरवडली तरी सुटते. मावशीचं ठाम मत: "मेल्याने वाळू भरून वरून लोखंडाचा मुलामा दिलाय." ती आता त्या स्टॉलवाल्याचा नंबर शोधतेय.

मी भिंग लावून बघितलं तर तुटलेल्या कडेवर, कवचाच्या जाडीतसुद्धा वाळूचेच कण दिसतायत, फक्त काळ्या मसाल्यात बसवल्यासारखे. आणि फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं तर ढिम्म चिकटत नाही. मग हे लोखंड आहे की नाही? उल्का की बनवाबनवी? फोटो टाकलेत.

आठ_बावीसची_लोकल
नर फुटला, मादी शाबूत. यात नवीन ते काय?
(वाचतोय.)

गच्चीवरचा_कावळा
सिमेंटचा गोळा करून गेरू फासलाय. अठराशे रुपयांत मावशींना गोव्याची स्लीपरची तिकिटं काढून दिली असती, गाडीत मस्त झोप लागते.

पाणाड्या
दगड अस्सल आहे. वाळू निघाली म्हणूनच अस्सल आहे.

तुम्ही भिंगातून जे पाहिलंत तिथेच सगळं उत्तर आहे. कवच वाळूवर चढवलेलं नाही, ती वाळूच आहे. कणाकणांमधल्या फटीत लोहाचं ऑक्साइड बसलं आणि तेवढा भाग घट्ट झाला. असले गोळे दुसरीकडून येऊन वाळूत पुरले जात नाहीत. वालुकाश्मातली वाळू जागच्या जागी धरली जाते. गोळा खडकात असतानाचा काप पाहिलात तर खडकाचे बारीक थर बाहेरून येतात, गोळ्यातून आरपार जातात आणि पलीकडे तसेच पुढे निघतात. ओतीव किंवा आकाशातून पडलेल्या वस्तूत हे शक्यच नाही.

तुमचा दगड मोकी मार्बल असेल तर मूळ गाव अमेरिकेतलं यूटा राज्य. तिथे नवाहो नावाचा वालुकाश्म आहे, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांचा. ज्युरासिक काळ. तिथल्या झायन नावाच्या दरीत त्याचे कडे सहाशे मीटरच्या घरात जातात. मुळात या वाळूच्या प्रत्येक कणावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर होता, म्हणून खडक लालसर. पुढे जमिनीखालून नैसर्गिक वायू, तेल असलं काहीबाही घेऊन पाणी वर आलं. त्या पाण्यात ऑक्सिजन नाही, उलट समोर येईल त्याचा ऑक्सिजन ओढून घेणारं पाणी. त्याने कणांवरचा लाल थर धुऊन काढला. आजही तिथे एकाच खडकाचा काही भाग लाल आणि काही पांढराफटक दिसतो. पांढऱ्या भागातलं लोह पाण्याबरोबर चालू लागलं आणि जिथे हवा खेळती असलेलं पाणी भेटलं, तिथे पुन्हा घट्ट होऊन बसलं.

चुंबकाचं म्हणाल, तर हे धातुरूप लोखंड नाही. हेमॅटाइट आणि गोथाइट, म्हणजे लोहाची ऑक्साइडं. या दोन्हींना साधं चुंबक जवळपास ओढत नाही. मॅग्नेटाइट असतं तर चिकटलं असतं.

अंजिरी
@पाणाड्या, पण मग बाजारात 'हेमॅटाइटच्या' म्हणून चुंबकीय माळा मिळतात त्या? माझ्याकडे एक आहे, चांगली चिकटते.

पाणाड्या
त्या फेराइटच्या, कारखान्यात केलेल्या. ताई, चिकटतेय म्हणजेच ती हेमॅटाइटची नाही.

बोअरवेलवाला
थांबा थांबा. म्हणजे हे आमच्या सोसायटीच्या बोअरसारखंच झालं की!

कांदिवलीला आमच्या बोअरचं पाणी नळातून येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ. बादली भरून ठेवली आणि तासाभराने पाहिलं तर वर तेलकट तवंग, पाणी पिवळट आणि तळाला तांबडा गाळ. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स नारिंगी झाल्यात. नवीन आलेला प्रत्येक भाडेकरू आधी टाकी धुऊन घ्या म्हणून भांडतो. टाकी दर महिन्याला धुतो हो आम्ही!

पाणाड्या
टाळ्या. मी पोटापाण्यासाठी हेच करतो, लोकांच्या बोअरच्या पाण्याची कुंडली मांडतो, तरी इतकं सोपं मला सुचलं नसतं.

तुमच्या बादलीत तासाभरात जे होतं तेच तिथे वाळूच्या आत झालं, फक्त फार सावकाश. लोहाची दोन रूपं असतात, फेरस आणि फेरिक. फेरस पाण्यात विरघळतं आणि ते पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं. खोल जमिनीत ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथे लोह या रूपात सुखाने राहतं. बादलीत हवा लागली की त्याचं फेरिक होतं. फेरिक साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, मग ते तांबडा गाळ होऊन खाली बसतं. तवंगही बहुतेक वेळा तेलाचा नसतो. काडीने हलवून बघा: तुकडे तुकडे होऊन तसेच राहिले तर लोहाचा, पुन्हा जुळून एक झाला तर तेलाचा.

टाकी धुऊन काही होणार नाही. पाणी आधी हवेशी घुसळायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग गाळणीतून सोडायचं.

बोअरवेलवाला
हे सेक्रेटरींना लेखी द्याल का? माझं कुणी ऐकत नाही.

गच्चीवरचा_कावळा
बरं, सिमेंट मागे घेतो. पण गोलच का? गाळ बसायचा तर कसाही बसेल. देवाने लाटून ठेवल्यासारखे गोल कशाला?

पाणाड्या
नेहमी गोल नसतातच. भेगेतून पाणी वाहिलं असेल तर पत्रे होतात, प्रवाह एका दिशेने असेल तर नळ्या होतात, दोन-तीन गोळे एकमेकांत वाढून डमरूसारखे जुळे होतात. विक्रेते फक्त गोल तेवढे वेचतात.

गोल होण्याचं कारण असं. एका जागी लोहाचा पहिला कण बसला की लगतच्या पाण्यातलं लोह कमी होतं. ती तूट भरायला चहूबाजूंनी लोह तिकडे सरकतं. नवाहोची वाळू वाऱ्याने चाळलेली, कण साधारण एकाच मापाचे, त्यामुळे एका बाजूने यायला सोपं आणि दुसरीकडून अवघड असं काही नाही. सगळीकडून सारखी भर पडली की गोळाच होणार. जिथे थरांत जाड-बारीक फरक आहे तिथे तो चपटा होतो. तुमच्या मावशींचा 'नर' चपटा निघण्याचं कारण एवढंच, त्याच्या पौरुषाचा संबंध नाही.

कट्ट्यावरचा
मला कालच फॉरवर्ड आलंय. दक्षिण आफ्रिकेत तीन अब्ज वर्षांपूर्वीचे धातूचे गोळे सापडलेत, मधोमध यंत्राने कोरल्यासारख्या समांतर खाचा. 'विज्ञानाकडे उत्तर नाही.' ते पण हेच का?

पाणाड्या
उत्तर आहे, फॉरवर्ड करणाऱ्याला नको आहे. ते क्लर्क्सडॉर्पचे गोळे. ओटोसडालजवळच्या पायरोफिलाइट नावाच्या मऊ खनिजाच्या खाणीत सापडतात. तपासलेल्या गोळ्यांत काही हेमॅटाइटचे निघाले, काही वोलॅस्टोनाइट, काही पायराइट या दुसऱ्या खनिजांचे. खडक खरोखर सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे, तेवढा भाग बरोबर. खाचा मूळ गाळाच्या थरांच्या आहेत. एका थरात गोळा जास्त फुगला, शेजारच्या बारीक कणांच्या थरात कमी, म्हणून कंगोरे उमटले. वर म्हटलं ना, थर आरपार जातात. तेच.

अर्धा_यूटाकर
सॉल्ट लेक सिटीत काही वर्षं नोकरीला होतो (आता ठाण्यात, सुखी). तिथल्या दक्षिणेकडच्या उघड्या खडकांवर हे गोळे प्रत्यक्ष पाहिलेत. उतरणीवर, खळग्यांत, नुसते सांडलेले असतात. वाटाण्याएवढ्यापासून क्रिकेटच्या चेंडूएवढे. मऊ वालुकाश्म वाऱ्यापावसाने झिजून जातो, गोळे कडक म्हणून मागे उरतात आणि घरंगळत खोलगट जागी जमा होतात. काही अजून खडकात अर्धे रुतलेले दिसतात. छोटे बहुधा आतपर्यंत भरीव, मोठ्यांत मात्र कवच आणि आत वाळू.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे हे १९९६ साली राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. तिथून किंवा राष्ट्रीय उद्यानांतून हे उचलणं गुन्हा आहे. माझ्यासमोर एका कुटुंबाच्या पोराला रेंजरने खिसे उलटे करायला लावले होते. तेव्हा दादरच्या स्टॉलवर पोचलेला माल कुठून, कसा उचललेला, हा प्रश्न मला 'नकली की असली' यापेक्षा मोठा वाटतो.

अंजिरी
हा मुद्दा पटला. मी स्वतः स्फटिक वापरते, मला त्यांनी बरं वाटतं, त्यावर इथे वाद नको. पण विकणाऱ्याने उल्का म्हणून खोटं का सांगावं? जे आहे ते सांगितलं असतं तरी मी घेतलं असतं. उलट जास्त आवडीने.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. पाणाड्यांनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलेले उद्योग केले, निकाल असे:

बाथरूमच्या उरलेल्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर कवच घासलं. तांबूस तपकिरी रेघ उठली. (मावशीच्या हेमॅटाइटच्या अंगठीची रेघ थेट लाल आली.) आतल्या वाळूवर लिंबू पिळलं, फेस नाही. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर शाबूत 'मादी' तोलली: ३८ ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला, दगड दोऱ्याने पाण्यात बुडवून अधांतरी धरला, काटा १२ दाखवतो. ३८ भागिले १२, म्हणजे घनता ३.२ च्या आसपास.

मावशीने हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "एवढी परीक्षा नवरा बघताना घेतली असती तर बरं झालं असतं."

पाणाड्या
मावशींना दंडवत.

निकाल चोख आहेत. साध्या वाळूच्या कणाची, म्हणजे गारगोटीची घनता २.६५. शुद्ध हेमॅटाइट सव्वापाचच्या आसपास. तुमचा ३.२ म्हणजे बहुतांश वाळू आणि तिला धरून ठेवणारं लोह. रेघ तांबूस तपकिरी आली म्हणजे हेमॅटाइटबरोबर गोथाइटही असणार, त्याची रेघ पिवळट तपकिरी असते. आणि लिंबाने फेस आला नाही ही गोष्ट दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

साळुंकी_रत्नागिरी
आमच्याकडे जांभ्यात पण अशा गोल गाठी असतात, चिऱ्याच्या तोंडावर पुळ्यांसारख्या दिसतात. माथेरानच्या लाल मातीतही पाहिल्यात. त्या पण याच का?

पाणाड्या
चुलत घराणं. लोह तेच, हवापाण्याचा खेळ तोच, पण जांभा म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा पावसाने पिळून काढलेला चोथा. विरघळणारं सगळं वाहून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. त्यातल्या गाठींना वाळूचा सांगाडा नसतो. फोडल्यात तर बऱ्याचदा आत एकाभोवती एक पापुद्रे मिळतील.

मुंबईत मात्र मोकी मार्बलचे भाऊबंद शोधू नका. आपल्या पायाखाली ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्यातलीच. वालुकाश्म हवा तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा कच्छात जा. भुजच्या वालुकाश्मात लोहाने माखलेले तांबडे-काळे पट्टे भरपूर आहेत.

पाणाड्या
रात्रीचं वचन पाळतो.

वर मी जी गोष्ट सांगितली ती अनेक वर्षं मान्य असलेली. पण तिच्यात एक अडचण आहे. लोह मध्यापासून वाढत गेलं तर सगळ्यात जास्त लोह मध्यावर हवं. मावशींच्या दगडात उलटं आहे: लोह कडेला आणि मधोमध मोकळी वाळू.

यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या डेव्हिड लूप यांच्या गटाचं म्हणणं असं की आधी सिडराइटचे, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटचे गोळे झाले, नंतर ऑक्सिजन असलेलं पाणी आलं आणि ते कडेकडून गंजत गेले, त्यात जीवाणूंचाही हात. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या योशिदा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली वेगळं मांडलं. त्यांच्या मते आधीचे गोळे कॅल्साइटचे, साध्या चुन्याच्या जातीचे. मग लोह घेऊन आम्लधर्मी पाणी आलं. गोळ्याच्या कडेवर चुन्याने आम्ल मारलं, आणि आम्ल मेलं की लोह तिथल्या तिथे बसलं. कवच तयार. आतला चुना पुढे विरघळत संपला आणि सुटी वाळू राहिली. यूटाबरोबर ते मंगोलियातल्या गोबीतही गेले होते, आणि तिथे त्यांना अर्धवट अवस्थेतले गोळे मिळाले: बाहेर लोहाचं कवच, आत अजून कॅल्साइट शिल्लक.

चुन्यावर आम्ल पडलं की फेस येतो, म्हणून लिंबू. फेस आला असता तर तुमच्या हातात अर्ध्या वाटेवरचा गोळा असता.

माझा कल योशिदांकडे आहे, निदान कवचवाल्या गोळ्यांपुरता. पण सगळ्या जगातले गोळे एकाच पद्धतीने झाले असतील असं मला वाटत नाही. एकट्या यूटातही वय बघा: काही गोळ्यांचं वय अडीच कोटी वर्षांपर्यंत जातं, काही त्याहून फारच अलीकडचे. खडक १९ कोटींचा. म्हणजे पाणी एकदाच आलं आणि गेलं असं झालेलं नाही.

आठ_बावीसची_लोकल
मंगळावर पण असे गोळे सापडले होते ना? शाळेत असताना पेपरात वाचल्याचं आठवतंय, ब्लूबेरी की काहीतरी.

अर्धा_यूटाकर
हो, आणि यूटाकर त्याबद्दल फार मिरवतात. नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावरच्या मेरिडियानी प्लॅनम या मैदानावर उतरला. ती जागा निवडायचं कारणच हे की कक्षेतून तिथे हेमॅटाइट दिसलं होतं. उतरला तो एका छोट्या विवरात, आणि समोरच खडकात आणि जमिनीवर चार-पाच मिलिमीटरचे गोळे विखुरलेले. रंग बदलून दाखवलेल्या फोटोंत निळसर दिसत म्हणून ब्लूबेरी. यूटा विद्यापीठाच्या मार्जोरी चॅन आणि सहकाऱ्यांचा मोकी मार्बलशी तुलना करणारा निबंध त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. पृथ्वीवर असे गोळे व्हायला खडकातून पाणी खेळावं लागतं, मग मंगळावरही खेळलं असणार, असा एकूण रोख.

गच्चीवरचा_कावळा
पण मंगळावरचे आतून भरीव का पोकळ? कुणी फोडून पाहिलेत का?

अर्धा_यूटाकर
रोव्हरच्या हातावर खडक घासायचं यंत्र होतं, त्याखाली काही गोळे अर्धे कापले गेले. आत कवच-गाभा असं काही दिसलं नाही, एकसारखे. तिथला खडकही वेगळा, सल्फेटने भरलेला. त्यात जॅरोसाइट नावाचं लोहाचं सल्फेट सापडलं, ते आम्लधर्मी पाण्याशिवाय होत नाही. त्यामुळे जुळे भाऊ म्हणता येणार नाही, पण नात्यातले नक्की.

पाणाड्या
जॅरोसाइटसाठी मंगळावर जायला नको. कच्छात माताना मढजवळ आहे, आपल्या शास्त्रज्ञांनी मंगळाशी तुलना करायला त्या जागेचा अभ्यास केलाय. वांद्र्याहून रात्रभराची गाडी, भुजला उतरायचं.

कट्ट्यावरचा
कच्छ लांब आहे हो. मुंबईत बसल्या बसल्या लोहाची ही भटकंती कुठे दिसेल?

पाणाड्या
फरशीवाल्याच्या गोदामात! राजस्थानी वालुकाश्म 'टीकवुड' आणि 'रेनबो' नावाने क्लॅडिंगसाठी, म्हणजे भिंतीवर बसवायला विकतात. लाकडाच्या रेषांसारखे जे तपकिरी पट्टे दिसतात ते लोहाचे. एका फरशीवर नीट बघा: दगडाचे मूळ थर एका दिशेला आणि रंगाचे पट्टे त्यांना छेदून भलतीकडे वळलेले सापडतील. थर वाळू साचताना पडले, पट्टे नंतर पाण्याने काढले. कधी कधी मधेच गोल काळपट डाग असतो. फरशीवाला तो तुकडा 'डिफेक्ट' म्हणून बाजूला टाकतो. तो मागून घ्या, स्वस्तात देईल.

फुकटात हवं असेल तर फोर्टात जा. जीपीओची, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाची इमारत १९१३ ची, काळा दगड आपला, पिवळा कुर्ल्याचा, आणि पांढरट दगड ध्रांगध्राहून आणलेला वालुकाश्म. पांढऱ्या भागात कुठे पिवळी-तांबडी रेघ दिसते का ते शोधा. मात्र ती वरच्या गंजलेल्या पत्र्यावरून किंवा पाइपवरून ओघळलेली नाही ना, हे आधी पाहा. ओघळ असेल तर वरून खाली सरळ उतरतो. दगडातलीच असेल तर चिऱ्याच्या सांध्यापाशी तुटते, शेजारच्या चिऱ्यात पुढे जात नाही.

आठ_बावीसची_लोकल
रविवारी चाललो. सुरक्षारक्षकाने विचारलं भिंतीला नाक लावून काय करताय, तर काय सांगू?

गच्चीवरचा_कावळा
सांग, पार्सल कधीचं अडकलंय, वास घेतोय.

रेघोट्या
मी पण येते. मावशी विचारतेय, तिने यायचं तर दुपारी चहा कुणाकडून?